मिलिंदच्या नावावर लागलेला आजार

मिलिंद गेल्याचं मला मिलिंदच्याच फोनवरून कळलं. सकाळचे दहा वाजले असतील. मी ओटीवर पेपर वाचत बसलो होतो, अधूनमधून माझंही लिखाण छापणारा. फोनवर त्याचं नाव दिसलं आणि सवयीप्रमाणे पहिल्या वेळी मी तो उचलला नाही. ही माझी जुनी खोड. धाकट्या बहिणीचा नवरा, त्यातून ट्रेलरवरचा ड्रायव्हर, याचं असं काय तातडीचं असणार, करील परत, असं म्हणायचं आणि पेपरात डोकं घालायचं. फोन परत वाजला तेव्हा पलीकडे दुसराच आवाज होता. "हा नंबर 'मास्तर' नावानं हाय. तुम्ही याचे कोण?" मी म्हटलं, मेव्हणा. "मी याच्या मागच्या गाडीवाला. बंदराच्या लायनीत उभे होतो. लाइन पुढं गेली, हा काय हलंना, म्हणून वर चढून बघितलं... मास्तर, तुम्ही या." मी पोचलो तेव्हा त्याला गाडीतून उतरवून दवाखान्यात नेलं होतं, पण नेण्यासारखं काही उरलं नव्हतं. गाडी मात्र व्यवस्थित डाव्या बाजूला घेतलेली, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. छातीत कळ आली तेव्हाही आपल्यामुळे मागच्याला त्रास नको, एवढं त्यानं बघितलं होतं. सत्तेचाळीस वर्षांचा होता.

त्याला त्याच्या गावी नेलं. पेणच्या अलीकडे खाडीला लागून गाव आहे. आम्हा बौद्धांत मृताला अंघोळ घालून पांढरी वस्त्रं नेसवतात आणि या कामाला भावकीतली माणसं न सांगता पुढं होतात. त्या दिवशी पाण्याच्या बादल्या भरून तयार होत्या आणि माणसं दोन पावलं मागं उभी होती. एकानं मला बाजूला घेऊन विचारलं, "मास्तर, हातमोजे आणायला पाठवू काय कुणाला?" तो काय म्हणतोय ते मला लगेच कळलं. मिलिंदला 'तो' आजार आहे, हे गावात कित्येक वर्षं सगळ्यांना ठाऊक होतं. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं लिहून दिलं असलं, तरी 'शेवटी त्यानंच नेलं' हे अंगणात कुजबुजलं जातच होतं. मिलिंदला एचआयव्ही नव्हता. कधीच नव्हता. हे छातीवर हात ठेवून सांगू शकणारी त्या अंगणात दोनच माणसं होती, मी आणि माझी बहीण. तिला उभं राहायचीही शुद्ध नव्हती. मी चांगला शुद्धीवर होतो, आणि मी म्हटलं, "आणा." हातमोजे आले. ते घालून मीच पहिला तांब्या त्याच्या अंगावर ओतला. पस्तीस वर्षं पोरांना 'नेहमी खरे बोलावे' हे फळ्यावर लिहून दिलेला मी माणूस.

हे असं का झालं, ते सांगायचं तर माझ्या मोठेपणापासून सुरुवात करावी लागेल. आमचं गाव उरणच्या बाजूचं. वडील मिठागरावर मजुरीला जायचे, मी शिकलो, मास्तर झालो. वडील लवकर गेले म्हणून बहिणीचं लग्न मी जमवलं. स्थळ मीच शोधलं होतं आणि त्याचा मला फार अभिमान होता. सरकारी कचेरीत कारकून, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, पगार, पुढं पेन्शन. बोलणं इतकं मऊ की माझी आई त्याच्यावर खूश. दोन वर्षांत तो माणूस खंगत गेला. त्याला मुंबईला मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा मी सोबत होतो. डॉक्टरांनी त्याच्या थोरल्या भावाला आत बोलावलं, मला बाहेर बाकावर बसायला सांगितलं. भाऊ डोळे पुसत बाहेर आला आणि म्हणाला, टीबी वाढलाय. मी बरं म्हटलं. आत एवढा वेळ काय बोलणं झालं, टीबीचं बोलणं मला ऐकवायला काय हरकत होती, हे मी विचारलं नाही. तो गेला, आणि महिन्याच्या आत त्यांनी माझ्या बहिणीला तिच्या पेटीसकट आमच्या दारात आणून सोडलं.

तीन वर्षांनी मिलिंदचं स्थळ आलं. मी शोधलं नव्हतं, आलं. तो नाशिककडून द्राक्षं-कांद्याचे कंटेनर बंदरावर आणायचा. आमच्या गल्लीतल्या कुणाकडं तरी जेवायला आला असताना त्यानं हिला पाहिलं, आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "दादा, तुमच्या बहिणीचं पहिलं लग्न झाल्यालं मला ठावं हाय. माझी काय हरकत न्हाय. तुमची असली तर सांगा." माझी हरकत होती, पण विधवा बहिणीच्या भावाला हरकत परवडत नाही. आमच्या भागात शेतं गेली, मिठागरं गेली, त्यांच्या जागी कंटेनरचे यार्ड आले आणि घरटी एक ड्रायव्हर झाला. तरी ड्रायव्हर म्हटलं की आम्हा शिकलेल्यांच्या नाकाला मुरड पडते. ढाब्यावर खाणारा, रस्त्यावर झोपणारा, कुठं कुठं जात असेल कोण जाणे. पहिल्या जावयाला मी कायम नावापुढं 'राव' लावत आलो होतो. याला नुसतं मिलिंद. त्यानं ते कधी मनावर घेतल्याचं दिसलं नाही. तो मला 'दादा' म्हणायचा आणि आल्या आल्या आईच्या पायाशी बसायचा.

वर्षभरात बहिणीला दिवस गेले. उलट्यांनी ती अर्धी झाली, तेव्हा मिलिंदच तिला आमच्याकडं घेऊन आला. "मी आठ-आठ दिवस गाडीवर. घरात आई एकली, तिला धड दिसत न्हाय. पहिलं बाळंतपण तसंपण माहेरालाच व्हायचं, तर आत्तापासून ठेवतो. चालंल ना दादा?" चालेल म्हटलं. दवाखान्यात नाव घालायला मीच तिला घेऊन गेलो. रक्त तपासलं, आणि दोन दिवसांनी तिथल्या समुपदेशक बाईंनी तिला एकटीला आत बोलावलं. मी पुन्हा एकदा बाहेर बाकावर. ती बाहेर आली, माझ्या शेजारी बसली आणि खालच्या मानेनं म्हणाली, "दादा, माझ्या रक्तात एचआयव्ही निघाला."

बाईंनी तिला तीन गोष्टी सांगितल्या होत्या. रोजची गोळी चुकवली नाही तर बाळ बिनआजाराचं जन्मू शकतं. हे कुणाकडून आलं ते शोधत बसू नका, त्यात कुणाचंच भलं होत नाही. आणि नवऱ्याला घेऊन या, तुम्हाला एकटीला सांगायला जमत नसेल तर आपण दोघी मिळून सांगू, त्यांचंही रक्त तपासायला हवं आणि तोवर जपायला हवं. तिला हे पटलं होतं. ती म्हणाली, "ह्या रविवारी ते येतील, तवा घेऊन जाते त्यांना." मी तिला घरी येईपर्यंत काही बोललो नाही. घरी आल्यावर दार लावून म्हटलं, "त्याला काय सांगायचं? त्यानंच दिलंय तुला." शोध घ्यायची मला गरजच वाटली नाही. ड्रायव्हर आणि हा आजार, गणित सुटलं होतं. पुढच्याच वाक्यात मी तिला म्हणालो, "आणि त्याला कळलं तर तुझ्यावर ढकलून मोकळा होईल. पोटुशी बाई टाकून देईल. बाळंतपण होऊ दे, मग बघू." म्हणजे त्यानंच दिलं म्हणायचं आणि त्याला कळता कामा नये असंही म्हणायचं. चौथीतल्या पोरानं असा हिशेब केला असता तर मी त्याला पुन्हा करायला लावला असता. ती रडत म्हणत राहिली, "दादा, ते तसे न्हायत." मी म्हटलं, "सगळे तसेच असतात." एकदा उजाड होऊन परत आलेली मुलगी ती, भावाच्या घरात राहत होती, भावाचं खात होती. ती गप्प बसली. गप्प बसवलं म्हणणं जास्त खरं.

मग ते महिने. गोळ्यांच्या बाटलीवरचं लेबल मी स्वतः ब्लेडनं खरवडून काढलं आणि बाटली रक्तवाढीच्या गोळ्यांत ठेवून दिली. सुरुवातीला त्या गोळीनं तिला गरगरायचं, भलभलती स्वप्नं पडायची. मिलिंद जिथं असेल तिथून संध्याकाळी फोन करायचा, "रक्ताची गोळी घेतलीस काय?" ती हो म्हणायची आणि फोन ठेवून भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. दर रविवारी तो यायचा, डाळिंबं घेऊन. बायकोच्या अंगात रक्त कमी आहे म्हणून नाशिककडून निवडून आणलेली डाळिंबं. मी त्याला धड बसही म्हणत नसे. त्याचा पेला मी वेगळा ठेवला होता. होय, त्याचा. बहिणीचा पेला आमच्यातच होता. तो चहा पिऊन गेला की मी तो पेला राखेनं दोनदा घासायला लावायचो. शिकलेला माणूस असून ही अक्कल, आणि तीही चुकीच्या माणसावर चालवलेली.

चौदा एप्रिलच्या जयंतीला तो तिला न्यायला आला. गावात मिरवणूक, लग्नानंतरची पहिली जयंती हुकली होती, आईला सुनेला पाहायचंय, चार दिवसांनी आणून सोडतो, म्हणाला. बहिणीनं माझ्याकडं पाहिलं. ते पाहणं मला आजही झोपू देत नाही. समुपदेशक बाईंनी सांगितलेलं आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. नवऱ्याला सांगेपर्यंत जपायला हवं, त्याला लागण होऊ शकते. आणि मी काय विचार केला? त्याला आहेच, आता आणखी काय व्हायचंय. मी म्हटलं, "जा, चार दिवस बदल होईल." ती गेली आणि चार दिवस नवऱ्याच्या घरात राहून आली. एका निरोगी माणसाला मी कशाच्या तोंडी देत होतो, याचा विचार त्या चार दिवसांत एकदाही माझ्या मनाला शिवला नाही.

आठव्या महिन्यात एका रविवारी ती मला म्हणाली, "दादा, मीठ संपलंय, आणतोस?" मी गेलो. परत आलो तर मिलिंद ओटीवर बसला होता आणि त्याच्या हातात ती खरवडलेली बाटली होती. मीठ काही संपलं नव्हतं. मला घराबाहेर काढून तिनं त्याला सांगून टाकलं होतं. तो भडकेल म्हणून मी पिशवी हातातच ठेवून उभा राहिलो. तो हळू आवाजात म्हणाला, "दादा, तुम्हाला कवापासून ठावं हाय?" मी म्हटलं, "चौथ्या महिन्यापासून." तो मनात काहीतरी मोजत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे जयंतीला ही आली, तवा तुम्हाला ठावं होतं."

"हो."

"आणि तुम्ही पाठवलीत."

मी मिठाची पिशवी खाली ठेवली. तो उठला, बाटली जिथली तिथं नेऊन ठेवली, चपला घातल्या आणि म्हणाला, "माझं रक्त कुठं तपासायचं, त्या बाईंचं नाव सांगा, मास्तर." तिथून पुढं मी त्याच्यासाठी मास्तर झालो. दहा वर्षं. दादा हा शब्द त्यानं मला पुन्हा कधी दिला नाही, आणि मागायला मला तोंड नव्हतं. मी परत यायच्या आधी आतल्या खोलीत त्यानं हिला काय विचारलं, ते तिनं मला खूप नंतर सांगितलं. आजाराबद्दल एक अक्षर नाही. एवढंच, "तुला माझी भीती वाटली?" ती व्हय म्हणाली. त्यावर तो बराच वेळ हातातल्या बाटलीचं झाकण उघडत-लावत बसला होता.

त्याचं रक्त स्वच्छ निघालं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगितलं, तेव्हाही स्वच्छ. मधले तीन महिने मी जे काढले ते मलाच ठाऊक, पण ते त्याच्यापुढं मिरवायची माझी लायकी नाही. आणि त्याला नाही म्हटल्यावर मग ते कुठून आलं, हे सांगायला कुणी लागलंच नाही. मुंबईतला तो बाक, डोळे पुसत आलेला तो भाऊ, मी न विचारलेला तो प्रश्न. इस्त्रीच्या शर्टाचं स्थळ मी आणलं होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ती देणारा मीच. मी मिलिंदला म्हणायला गेलो, "माझं चुकलं." त्यानं मला वाक्य पुरं करू दिलं नाही. "जाऊ द्या मास्तर. पोरीचं बघू आता."

पोरगीच झाली. तो सुट्टी टाकून दवाखान्याच्या जिन्यात बसून होता. सहा आठवडे तिला औषधाचे थेंब पाजायचे होते, ते तोच पाजायचा, घड्याळ लावून. दीड वर्षाची झाल्यावर शेवटची तपासणी झाली, पोरीला काही नव्हतं. त्या दिवशी त्यानं सगळ्या गल्लीत पेढे वाटले आणि कशाचे म्हणून विचारलं की म्हणायचा, पोरगी चालायला लागली.

पुढं बहिणीला त्याच्या गावच्या अंगणवाडीत काम मिळालं. हे कळलं तर आया पोरं पाठवणार नाहीत, या धास्तीनं ती औषधांच्या रांगेत उभी राहायला घाबरायची. तपासणीच्या वेळी तिला जावंच लागे. एरवी जिल्ह्याच्या दवाखान्यातून तिच्या गोळ्या मिलिंद आणायचा. एकदा गावातल्या कुणीतरी त्याला एचआयव्हीच्या औषधांच्या दाराशी पाहिलं, आणि बातमी त्याच्याआधी घरी पोचली. त्यानं मला ती हसत हसत सांगितली होती. "लागलं एकदाचं माझ्या नावावर. ट्रेलरवाल्याला लोक तसंपण बोलतातच, मास्तर. माझं काय जातंय!" त्याचं बरंच काही गेलं. पंगतीत त्याच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली, न्हाव्यानं दाढी करायचं टाळलं. आणि मला, खरं सांगायचं तर, हायसं वाटलं होतं. बहीण वाचली, माझं स्थळ झाकलं गेलं. तू कशाला अंगावर घेतोस, असं एकदा तरी तोंडदेखलं म्हणायला हवं होतं. तेही मी म्हटलं नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी माझं श्रद्धांजलीचं भाषण झालं. कष्टाळू, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल. जे कुणाबद्दलही बोलता येतं ते सगळं बोललो. बहीण समोर बसून ऐकत होती. नंतरच्या आठवड्यात गोळ्यांची तारीख आली. ती म्हणाली, मी जाते. मी म्हटलं, तू थांब, यावेळी मी जातो.

तिथं गेल्यावर कळलं की मिलिंद दर वेळी किती तास उभा राहत असेल. माझ्या पुढं एक बाई होती, तिशीची. माझ्या हातातलं कार्ड उलटंसुलटं होताना पाहून तिनंच कुठं काय दाखवायचं ते सांगितलं. मग म्हणाली, "नवीन दिसता. इथं एक ट्रेलरवाले भाऊ यायचे. नवा माणूस दिसला की त्याच्याजवळ जायचे आणि विचारायचे, घरी सांगितलंस काय? न्हाय म्हटलं की म्हणायचे, चल, मी येतो तुझ्यासंगती. माझ्याबरोबर आले होते ते. तवा मी पाच महिन्यांची गरोदर होते. मी आत नवऱ्याला सांगत होते आणि ते बाहेर पायरीवर बसून राहिले होते, कमी-जास्त झालं तर म्हणून. महिना होऊन गेला, दिसले न्हायत." तो गेलाय, हे न सांगता मी रांगेत पुढं सरकलो. माझ्या घरात जे त्याच्या वाट्याला आलं नाही, ते तो रांगेतल्या परक्या माणसांच्या घरी पोचवत फिरत होता, आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.

तेवढ्यात मागून हाक आली, "मास्तर, तुम्ही इथं कसे?" माझे शाळेतले एक जुने सहकारी, रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी आलेले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग दारावरच्या पाटीकडं. बहिणीसाठी आलोय, हे वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. मी ते गिळलं. म्हटलं, "औषधं घ्यायला." ते बरं बरं म्हणाले आणि हात न मिळवता गेले. इतक्या वर्षांची ओळख, प्रत्येक भेटीत हात हातात घेऊन बोलणारा माणूस. मिलिंदनं हे कित्येक वर्षं पाहिलं होतं, स्वतःच्या गावात, रोज.

घरी येऊन मी हे सगळं बहिणीला सांगितलं. ती अंगणवाडीच्या पोरांसाठी मटकी निवडत होती. मला वाटलं, भावानं अखेर काहीतरी केलं म्हणून तिला बरं वाटेल. तिनं सूप खाली ठेवलं. "आधी त्यांनी घेतलं अंगावर, आता तू घेणार? आणि मी काय करू, दादा? आणखी एक माणूस मरायची वाट बघू?" मी म्हटलं, अंगणवाडी आहे, पोरगी आहे, लोक काय म्हणतील. "पोरीला मी सांगितलंय. तिचा बाप गेला त्याच आठवड्यात सांगितलं, बापाला शाळेतली पोरं काय काय बोलत होती म्हणून. अंगणवाडीत पोरं येतील न्हायतर न येतील. तू लिहितोस ना पेपरात? लिही. त्या दिवशी हातमोजे घातलेस तेही लिही. आणि माझं नाव घाल. त्यांचं नाव इतकी वर्षं घातलंत तसं."

मी हे लिहून तिला वाचून दाखवलं आहे. तिनं एकही शब्द काढू दिला नाही. मिलिंदला एचआयव्ही कधीच नव्हता. माझ्या बहिणीला आहे. तिचं नाव वैशाली.